फुटाला पंधरा, इंचाला पंधरा

आमच्या हिंगणघाटकडच्या खेड्यांत आपल्या मालाचा भाव आपण सांगायची पद्धतच नाही. कापूस गाडीत भरून मार्केटला न्यायचा. व्यापारी येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस काढून चोळतो, ओल आहे म्हणतो आणि भाव बोलतो. सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाकडे गेलं तर भाव दिल्लीहून ठरून आलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, तेही ओल आठ टक्क्यांच्या आत असेल तर. पुढे टक्क्याटक्क्याला कपात, आणि बाराच्या वर गेली की गाडी परत. सोयाबीनचं तेच, तुरीचं तेच. "मी एवढ्याला देईन" असं बाबा फक्त बैल विकताना म्हणत आले असतील, आणि तो सौदाही दुपट्ट्याखाली बोटं दाबून. तोंडानं नाहीच.

अशा घरातल्या माणसानं स्वतःच्या चित्राखाली किंमत लिहायची, हे चित्र विकायच्या साऱ्या खटाटोपातलं सगळ्यात जड काम निघालं. बाकीचं शिकता येतं.

मी नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलो आणि गावी परत आलो. पोट भिंतींवर चालतं. अंगणवाडीत फळं आणि बाराखडी, ग्रामपंचायतीवर पाणी वाचवा, निवडणूक आली की चिन्हं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आईवडिलांचा आशीर्वाद. कोणाकडे तेरवी असली की फोटोवरून गेलेल्या माणसाचं पोर्ट्रेट. भिंतीचा भाव स्क्वेअर फुटाला पंधरा रुपये, रंग मालकाचा. हाही भाव मी ठरवलेला नाही. मी यायच्या आधीपासून तालुक्यात तो चालतच होता. माझं स्वतःचं काम पहाटे. एप्रिल-मेमध्ये तर पहाटेच, कारण उन्हं चढली की अॅक्रिलिक रंग पॅलेटवरच कातडं धरतो. कूलर लावून, रंगावर फवारा मारत मारत नऊपर्यंत ढकलायचं, मग सरळ ब्रश धुवायचे.

ज्या चित्राबद्दल लिहितोय त्याचं नाव 'फरदड'. कापसाचा हंगाम संपला तरी पऱ्हाट्या न उपटता, पाणी देऊन आणखी एखादा वेचा काढतात, ती फरदड. चार फूट बाय तीन फूट, कॅनव्हासवर अॅक्रिलिक. वरचा मोठा भाग मळकट पांढरा, त्यात राखाडीचे चार-पाच थर. खाली पॅलेट नाइफच्या धारेनं ओल्या रंगात ओरबाडलेल्या उभ्या रेघा, इतक्या दाट की जवळून पाहिलं तर बोटाला लागतील. रंग ओला असतानाच त्यावर जुन्या धोतराची चिंधी दाबून उचलली, तिचं विणकाम जागोजागी उमटलंय. आणि उजवीकडे खाली नखाएवढा एक गुलाबी ठिपका. आईनं चित्र पाहिलं आणि विचारलं, "बोंडं कोठी हायेत?" मी म्हटलं, "वेचून झालीत." तिला ते पटलं. तिनंच तर वेचली होती.

माझा कॅनव्हास सुतीच असतो, हे इथे सांगून टाकतो. आमच्याकडून कापूस गाठी बांधून जातो आणि कुठून कुठून फिरून कॅनव्हासचा रोल होऊन नागपूरच्या दुकानात येतो, तिथून मी तो मीटरच्या भावानं विकत आणतो. तो भावसुद्धा दुकानदाराचा.

चित्र पूर्ण झाल्यावर विकायला काढायचं म्हणजे आधी फोटो. यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण फसतात बहुतेक जण इथेच. ऊन अंगावर घेऊ नये, फ्लॅश तर नकोच. सकाळी पडवीच्या सावलीत चित्र भिंतीला सरळ टेकवायचं, मोबाइल चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरायचा आणि जवळ जाण्याऐवजी चार पावलं मागे सरून थोडं झूम करायचं. म्हणजे कडा वाकत नाहीत. कोपऱ्यात एक कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढतो. त्यातला कागद पिवळा दिसला तर चित्रही पिवळं दिसणार, हे कळतं. मग एक फोटो पृष्ठभागाचा अगदी जवळून, एक बाजूच्या कडेचा, एक पाठीमागचा, आणि एक शेजारी प्लास्टिकची खुर्ची ठेवून. खुर्चीचा फोटो सगळ्यात कामाचा. मोबाइलच्या पडद्यावर चार फुटांचं चित्र आणि पोस्टकार्ड सारखंच दिसतं.

नाव, वर्ष, माध्यम, माप पाठीमागे लाकडी पट्टीवर लिहितो. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करनं लिहिलं तर शाई पुढे फुटायची भीती असते.

आता किंमत.

कॉलेजमधले मित्र सांगत की नव्या माणसानं स्क्वेअर इंचाचा दर धरावा. लांबी गुणिले रुंदी गुणिले दर. आधी मला हे चीड आणणारं वाटलं. मग एकदा प्रामाणिकपणे किमती मनानं लिहून पाहिल्या, तर जे चित्र मला आवडतं त्याला वाटेल तेवढी आणि जे नाही त्याला काहीच नाही. घेणाऱ्याला माझ्या आवडीशी काय देणंघेणं? दर धरला की निदान भाव माझ्या मूडवर हलत नाही. सामान चार हजारांच्या आतबाहेर, सोबतचे लोक काय दर घेतात ते, आणि मी याआधी वर्ध्याच्या एका सरांना दिलेलं छोटं चित्र, असं सगळं धरून पंधरा रुपये इंच ठरवला. अठ्ठेचाळीस गुणिले छत्तीस म्हणजे १,७२८. गुणिले पंधरा, २५,९२०. सव्वीस हजार लिहिले.

बाबा बाजेवर बसून हे ऐकत होते.

"भिंतीले कितीनं घेतं?"

"पंधरा."

"आन याले?"

"पंधरा. पण भिंतीला फुटाला, याला इंचाला."

बाबांना हिशोब लागायला वेळ लागत नाही. एका स्क्वेअर फुटात एकशे चव्वेचाळीस इंच. "म्हंजे एकशे चव्वेचाळीस पट. काहून? भिंतीवर तं रंगई जास्त लागते."

याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होतो. शेवटी त्यांच्याच भाषेत सापडलं ते असं: भिंतीवर काय काढायचं ते मालक सांगतो आणि मी नाही काढलं तर दुसरा पेंटर येऊन तेच काढतो. हे चित्र मी नाही काढलं तर निघतच नाही. बाबा म्हणाले, "मंग घेनारा भेटला पायजे." म्हणजे पटलं, पण व्यापाऱ्याची बाजूही मांडून ठेवली.

नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, हे आमच्या कॉलेजात येता-जाता कोणीतरी सांगायचंच. गायतोंडे २००१ मध्ये वारले होते. म्हणून त्या आकड्याकडे पाहून कोणी आपला दर ठरवू नये असं माझं मत आहे. त्या बाजारात बोली लावणारे आणि विकणारे दोघेही चित्रकार नसतात.

किंमत एकदा लिहिली की ती सगळीकडे तीच ठेवावी लागते. गॅलरीवाले विक्रीतून तीसपासून पन्नास टक्क्यांपर्यंत घेतात. म्हणून घरून स्वस्त आणि गॅलरीत महाग, असं पुष्कळांना सुचतं. पण मग कुठलीच गॅलरी दारात उभं करत नाही, कारण लोक तिथे चित्र पाहतात आणि फोन आपल्याला करतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं जातात, तोवर मोबाइल हीच माझी गॅलरी. तरी भाव गॅलरीचाच लावला.

फोटो टाकल्यावर काय काय येतं म्हणता! एकानं विचारलं, हेच निळ्यात मिळेल का, सोफा निळा आहे. एकानं लिहिलं की मोठ्या साइजचा फोटो पाठवा, प्रिंट काढून घेतो, तुमचाही प्रचार होईल. एक तर सैन्यातला अधिकारी म्हणून बोलत होता. ना माप विचारलं, ना माध्यम, पूर्ण पैसे लगेच पाठवतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. गावातल्या पानठेल्यावरच्या पोरालाही हे माहीत आहे, तरी दर महिन्याला कोणीतरी अडकतंच. चित्राला हातही न लावता जो भाव न करता घेतो म्हणतो, त्याच्यावर मी तसाही विश्वास ठेवला नसता.

खरा फोन आला तो पुण्याहून. निवृत्त कृषी अधिकारी, सगळी नोकरी यवतमाळ-वर्ध्याकडे झालेली, आता मुलीकडे राहतात. नमस्कार झाल्या झाल्या म्हणाले, "फरदड घेऊ नका, फरदड घेऊ नका म्हणून गावोगाव सांगत माझी नोकरी सरली, आणि तुम्ही तिचं चित्र काढून भिंतीला लावता?"

मला काय बोलावं सुचेना. तेच पुढे म्हणाले, "तो उजवीकडे खाली गुलाबी ठिपका आहे, ती अळीच ना?"

अळीच. फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला हंगामानंतरही खायला मिळतं आणि ती पुढच्या पिकापर्यंत टिकते. म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढून टाका, असं कृषी खातं सांगतं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत तीच निघायची. हे माहीत असूनही लोक फरदड का ठेवतात, तेही साहेबांना माहीत होतं. आधीचा पैसा कर्जात गेलेला असतो, हाती काहीतरी यावं लागतं. आम्ही चित्रावर कमी आणि यावर जास्त बोललो.

मग त्यांनी भाव केला. "वीसला द्या."

मी कमी केलं नाही. कारण अगदी साधं आहे. वर्ध्याच्या सरांनी याच दरानं चित्र घेतलंय. आज मी साहेबांना इंचाला साडेअकरानं दिलं तर सरांच्या भिंतीवरचं चित्र त्याच दिवशी स्वस्त होतं, आणि त्यांना कोणी सांगतही नाही. हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हप्त्यानं चालेल?" चालेल. अर्धे आधी, अर्धे चित्र पोचल्यावर. पाठवणीचा खर्च दोघांत.

पावती करताना मी एक ओळ जास्त घातली. त्या ओळीसाठी मागे एका वकील मित्राकडे बसून कायदा समजून घेतला होता. कॉपीराइट कायदा १९५७ चा. मूळ चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला, असं होत नाही. कॅनव्हास घेणाऱ्याचा, तो त्यानं कुठेही लावावा, कोणालाही विकावा. पण त्याचं कॅलेंडर किंवा पिशवी काढायची तर चित्रकाराची लेखी परवानगी लागते. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं. चित्र पुढे दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत, वाटाही कायद्यात लिहिलेला आहे. प्रत्यक्षात तो मागायला कोण जातं, हा प्रश्न वेगळा. माझी ओळ एवढीच: "चित्राचे छपाई व पुनरुत्पादनाचे हक्क चित्रकाराकडे राहतील." साहेबांनी सरकारी कागद आयुष्यभर वाचलेले, त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि ठीक म्हणाले. सोबत चित्राच्या छोट्या फोटोसह अस्सलपणाचं प्रमाणपत्रही दिलं.

आणि मग पाठवणी. वर पंचेचाळीसला टेकलेलं ऊन.

अॅक्रिलिक वाळला तरी उन्हात मऊ पडतो, आणि मऊ पडला की ज्याला टेकेल त्याला चिकटतो. त्यावर बबल रॅप थेट गुंडाळला तर चित्रावर बुडबुड्यांची नक्षी उमटते, ती जाता जात नाही. चौकटीसकट पाठवायचं तर खोका मोठा, भाडं जास्त आणि कोणीतरी त्यावर दुसरं ओझं ठेवणार हे ठरलेलं. म्हणून चौकटीतून काढून गुंडाळून पाठवायचं ठरवलं. आधी पेन्सिलीनं पाठीमागे दुमडीच्या रेघा मारल्या, पुन्हा ताणताना काठ तिथेच यावेत म्हणून. मग चपट्या पेचकसानं एकेक पिन उचलली.

गुंडाळायला पाइप हवा. इथे मात्र खेड्यात राहण्याचा फायदा. आमच्या विहिरीवर ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेलेच होते आणि १६० चा एक शेजारच्या काकांच्या गोठ्यात. दोन्हींचे साडेतीन साडेतीन फुटांचे तुकडे कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या, आतली माती धुतली, वाळवले. चित्रावर सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद अंथरला. हा हिंगणघाटला केकच्या सामानाच्या दुकानात मिळाला, दुकानदाराला वाटलं घरी वाढदिवस आहे. मग लहान पाइपावर चित्र गुंडाळलं, रंगाची बाजू बाहेर ठेवून. लोक जपायचं म्हणून रंग आत घेतात. आत घेतला की रंगाचा थर चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात. बाहेर असला की थोडा ताणला जातो आणि उलगडल्यावर पुन्हा बसतो. बारीक नळीवर तर गुंडाळूच नये. वर पुन्हा कागद, त्यावर फोम, मग बबल रॅप, आणि हे सगळं मोठ्या पाइपात सरकवून दोन्ही तोंडांना टोपणं. बाबांनी टोपणं बसवली. ड्रिपची नळी जोडताना बसवतात तशी, एकदा फिरवून एकदा ठोकून.

कुरिअरवाल्यानं पाइप पाहून विचारलं, "मोटारीचा का?" चित्र आहे म्हटल्यावर त्यानं पाइप कानाजवळ हलवून पाहिला. सव्वीस हजार किंमत जाहीर करून विमा घेतला तेव्हा कुठे त्यानं तो नीट आडवा ठेवला. पुढे ट्रॅकिंग नागपूरच्या गोदामात अडकलं. टिनाचं शेड, दुपारचा पारा, आणि माझी फरदड आत. मी फोन करत राहिलो, पलीकडून "निघेल, निघेल." निघाला एकदाचा.

साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की आल्या आल्या उघडू नका. घरात सावलीत रात्रभर राहू द्या, सकाळी थंड असताना कागद कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा. त्यांनी व्हिडिओ कॉल लावून उघडलं. कागद सुटत सुटत आला, चिंधीचं विणकाम जसंच्या तसं. तिथला फ्रेमवाला म्हणाला, काठ कापतो आणि प्लायवर चिकटवून काच लावून देतो. फोनवरच त्याला थांबवलं. प्लायला चिकटवलं की ते चित्र पुन्हा कधी सोडवता येत नाही. नवी चौकट करायला लावली: चारही बाजूंच्या मध्यापासून समोरासमोर पिना मारत कोपऱ्यांकडे जायचं, कॅनव्हास चिमट्यानं ओढत, कोपऱ्यांत पाचरी. त्यानं ते चांगलं केलं, माझ्यापेक्षा सरळ.

उरलेले पैसे त्याच संध्याकाळी आले. बाबांनी मार्केटातल्या कपातीच्या भाषेत विचारलं, "कडता किती कापला?"

"काहीच नाही."

"मंग त्यानं नीट पायलं नसन."

साहेबांनी आता दुसरं चित्र सांगितलंय. त्यांच्या पहिल्या पोस्टिंगच्या गावातली पायविहीर, त्यांच्याकडे जुना फोटो आहे. याचा कागद वेगळा करावा लागतोय. पैसे घेऊन सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, उलटा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा ठरतो. तेरवीच्या पोर्ट्रेटांचं तसंच आहे. म्हणून यावेळी करार आधी, कॅनव्हास नंतर. मसुदा मी पाठवलाय. साहेबांनी लाल पेनानं दोन दुरुस्त्या करून परत पाठवला. फोटो त्यांचा असल्याची नोंद हवी ही एक, ती मला मान्य आहे. दुसरी इंचाच्या दराबद्दल आहे, तिच्यावर बोलणं चालू आहे.